जिथे वाद घालत नाहीत

दारू सोडण्याविषयी आपल्याकडे बोललं जातं ते मुख्यतः दोन ठिकाणी, दवाखान्यात आणि घरातल्या भांडणात. तिसरं एक ठिकाण आहे. संध्याकाळी शाळेच्या रिकाम्या वर्गात किंवा चर्चच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या जातात आणि तासा-दीड तासाने उचलून ठेवल्या जातात. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे एए, हे नाव अनेकांनी ऐकलेलं असतं. पण आत काय चालतं याविषयी गैरसमजच अधिक.

पुढे बोलणारे दोघे कल्पित आहेत, वाद मात्र खरा आहे. भाऊजी डोंबिवलीत राहणारे, संख्याशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. दारूमुळे रुग्णालयात राहून नुकतेच घरी आलेत. वहिनी त्यांच्या थोरल्या भावाची पत्नी. तो भाऊ बरीच वर्षं एएचा सभासद आहे आणि वहिनी स्वतः अल-अ‍ॅनॉनला, म्हणजे पिणाऱ्यांच्या घरच्यांच्या गटाला जातात.

भाऊजी: डॉक्टरांच्या चिठ्ठीची शेवटची ओळ वाचलीत, वहिनी? गोळ्या, बी-वन जीवनसत्त्व, यकृताची तपासणी, आणि सगळ्यांत खाली ‘एए मीटिंग’. एवढा शिकलेला माणूस, आणि मला भजनी मंडळात पाठवतोय!

वहिनी: भजनी मंडळात कधी गेला आहात तुम्ही?

भाऊजी: नाही.

वहिनी: आणि मीटिंगला?

भाऊजी: जायची गरजच काय? बारा पायऱ्या वाचल्यात मी. पहिल्याच पायरीवर कबूल करायचं की दारूपुढे आपण हतबल आहोत. दुसरीवर आपल्याहून मोठ्या शक्तीवर विश्वास ठेवायचा आणि तिसरीवर सगळं तिच्या हवाली करायचं. पोरांना आयुष्यभर शिकवलं की पुराव्याशिवाय काही मानू नका. आता साठी उलटल्यावर शरण जाऊ?

वहिनी: त्या तिसऱ्या पायरीत देवाला एक पुस्ती जोडली आहे. ज्याला जसा उमगेल तसा. १९३९ साली त्यांचं मूळ पुस्तक निघालं. सुरुवातीच्या सभासदांत एक पक्का नास्तिक होता, तो हटून बसला म्हणून भाषा सैल झाली. अज्ञेयवाद्यांसाठी त्यात एक वेगळं प्रकरणसुद्धा आहे.

भाऊजी: तेही वाचलंय. प्रकरणाच्या शेवटी तो अज्ञेयवादी मुकाट्याने मानायला लागतो! म्हणजे दार उघडं आहे, पण आतली वाट एकाच गाभाऱ्याकडे जाते.

वहिनी: बरं, हा मुद्दा तुमचा. त्या पुस्तकाची वकिली करायला मी आलेली नाही. पण तुमच्या दादांना देव्हाऱ्यापुढे हात जोडून उभे राहिलेलं मी आजही पाहत नाही. वरची शक्ती कोणती, असं कोणी विचारलं तर म्हणतात, “शुक्रवारची मीटिंग. माझ्यापेक्षा तिला जास्त कळतं.” यावरून त्यांना कोणी गटाबाहेर काढलेलं नाही. सभासद व्हायला अट एकच, पिणं थांबवायची इच्छा. देव मानता का, जात कोणती, पगार किती, हे विचारायला तिथे रजिस्टरच नसतं.

भाऊजी: देव बाजूला ठेवू. ‘हतबल’चं काय? एकदा माणूस म्हणाला की हा आजार आहे, माझ्या हातात काही नाही, की जबाबदारी संपली. बायकोचे दागिने विकले ते आजाराने, मुलीच्या लग्नात तमाशा केला तोही आजाराने. सोयीचं आहे हे.

वहिनी: पहिल्या पायरीवर थांबलात तर सोयीचं आहे. आठवीवर, ज्यांचं आपण नुकसान केलं त्यांची यादी करायची असते. नववीवर, जिथे शक्य असेल आणि त्यातून कोणाला आणखी इजा होणार नसेल, तिथे जाऊन भरपाई करायची. माझ्या भावाकडून खोटं सांगून घेतलेले पैसे दादांनी हप्त्याहप्त्याने फेडले. भाऊ विसरूनही गेला होता. हतबलता पहिला पेला पोटात गेल्यानंतरची. दुसरा कधी आणि दहावा कधी, ते मग हातात राहत नाही. पहिला न उचलणं मात्र हातात असतं, निदान आजच्या दिवसापुरतं. मीटिंग आहे ती तेवढ्यासाठीच.

भाऊजी: तेवढ्यासाठी मनोनिग्रह पुरतो. हे बघा, इतके दिवस झाले, थेंब नाही.

वहिनी: रुग्णालयात होतात तुम्ही. तुम्ही तिथेच थांबवलीत हे फार बरं झालं. रोज पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम बंद केली तर आधी हात थरथरतात, मग झटके येऊ शकतात, नसलेलं दिसायला लागतं, आणि दोन-चार दिवसांत जिवावर बेतू शकतं. तिथे मीटिंगचा उपयोग नाही, डॉक्टरच हवेत. एएमधला जाणता माणूसही हेच सांगेल.

भाऊजी: म्हणजे खरं काम औषधाने केलं. मग हे बाकीचं कशाला?

वहिनी: अंगातली दारू डॉक्टरांनी उतरवली. संध्याकाळी साडेसातला डॉक्टर कुठे असतात? त्या वेळी तुमचे मित्र कुठे असतात ते मला माहीत आहे. परमिट रूममध्ये तुमचं टेबल ठरलेलं, वेटरला ब्रँड पाठ, चखणा न सांगता येतो, कोणी आला नाही तर फोन जातो. पिण्याला एवढी घट्ट सोबत होती, आणि सोडायची मात्र एकट्याने, गॅलरीत बसून?

भाऊजी: हं. हा मुद्दा मी टिपून ठेवतो. पण मी आकड्यांचा माणूस. २०२० मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेचा आढावा आला, २७ अभ्यास आणि दहा हजारांवर लोक. एएकडे नेणारं समुपदेशन मिळालेल्यांपैकी वर्षानंतर पूर्ण सोबर होते साधारण ४२ टक्के. बाकीच्या उपचारांत ३५. म्हणजे शंभरातले ५८ तुमच्या एएनंतरही वर्षभर कोरडे राहू शकले नाहीत.

वहिनी: आकडा तुम्हीच आणलात. दुसऱ्या कुठल्या रस्त्याने पासष्ट राहू शकले नाहीत, हेही त्याच आकड्यात आहे ना?

भाऊजी: आहे. फरक आहे, नाकारत नाही. आणि त्यातल्या बऱ्याच अभ्यासांत माणसं चिठ्ठ्या टाकून गटात विभागली होती, त्यामुळे ‘ज्यांना सोडायचीच होती तेच एएत गेले’ हा माझा आवडता आक्षेप बराच लंगडा पडतो. पण अभ्यास मुख्यतः अमेरिकेतले. आणि तपासलं काय, तर प्रशिक्षित समुपदेशकाने ठरलेल्या आराखड्याप्रमाणे माणसाला एएकडे वळवणं. दादाची कल्याणच्या वर्गातली शुक्रवारची मीटिंग कोणी तपासलेली नाही.

वहिनी: मान्य. मग ती तुम्ही तपासा.

भाऊजी: दुसरेही मार्ग आहेत. स्मार्ट रिकव्हरी आहे १९९४ पासूनची. देव नाही, शरणागती नाही. विचार आणि सवयी बदलायची तंत्रं शिकवतात, ऑनलाइन बसता येतं. पिण्याची ओढ कमी करणाऱ्या गोळ्या आहेत. पुण्याला मुक्तांगण आहे.

वहिनी: जा ना त्यांच्याकडे! कोणी अडवलंय? मुक्तांगणला तर अवश्य जा. डॉक्टर अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ मध्ये येरवड्याला सुरू केलं, पु. ल. देशपांड्यांनी पाठबळ दिलं. पाच आठवडे राहायचं आणि नंतरही पाठपुरावा चालू ठेवायचा. गावोगावी त्यांचे पाठपुराव्याचे गट आहेत. तिथेही औषध एकीकडे आणि गट एकीकडे, असं कोणी मानत नाही. आणि तुम्हाला समजावणारा समुपदेशक पुष्कळदा स्वतः त्याच वाटेने आलेला असतो. बायकांसाठी त्यांनी निशिगंध वेगळं काढलंय, कारण पुरुषांनी भरलेल्या खोलीत एकट्या बाईने जाऊन ‘मी पिते’ म्हणणं आजही सोपं नाही. माझं म्हणणं एवढंच, की तुम्ही या सगळ्यांची यादी करता आणि यादीतल्या एकाही ठिकाणी जात नाही.

भाऊजी: हे जरा लागलं.

वहिनी: लागू दे. देशाच्या सर्वेक्षणाचा २०१९ चा अहवाल तुम्हीच मला वाचून दाखवला होता. दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांमागे एकाला कसला ना कसला उपचार मिळतो. वाचताना तुम्ही सरकारला दोष दिलात. उरलेल्या सदतिसांत आपण आहोत, हे तेव्हा बोलला नाहीत.

भाऊजी: चर्चा चाललीय ना? मग आणखी एक प्रश्न. डोंबिवलीत माझे हजारभर विद्यार्थी. त्या वर्गात समोर एखादा निघाला म्हणजे? उद्या सगळ्या स्टेशनभर बोभाटा होईल.

वहिनी: वाईन शॉपच्या रांगेत तुम्हाला पाहिलेले विद्यार्थी किती, ते मोजलंत कधी? मीटिंगला फक्त नाव सांगायचं, आडनाव नाही. तिथे दिसलेला माणूस आणि ऐकलेली गोष्ट तिथेच ठेवायची, हा त्यांचा पाया आहे. कायद्याची हमी नाही ती, माणसांनी एकमेकांना दिलेली आहे. पण जो तुम्हाला तिथे बघेल त्यालाही तीच हवी असते. फारच संकोच वाटला तर ठाण्याच्या किंवा दादरच्या गटात जा. मुंबईत मराठी, हिंदी, इंग्रजी सगळ्या मीटिंगा आहेत.

भाऊजी: आणि ती उचलून नेणारी केंद्रं? आमच्या सोसायटीतल्या एकाला रात्री चार माणसं गाडीत घालून घेऊन गेली. घरच्यांनीच फोन केला होता. तीन महिने कोंडला, मारलासुद्धा.

वहिनी: ते एए नाही, आणि उपचारही नाही. व्यसनमुक्तीच्या पाटीखाली असे धंदे चालतात हे खरं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूच्या व्यसनातून होणारे मानसिक त्रासही येतात. त्या माणसालाही रुग्णाचे हक्क आहेत. एएमध्ये कोणी न्यायला येत नाही, कुलूप नाही, फी नाही. शेवटी एक पिशवी फिरते, खोलीचं भाडं आणि चहा त्यातून निघतो. नव्याने आलेल्याने काही टाकलं नाही तरी चालतं. बाहेरच्यांची देणगी ते घेतच नाहीत.

भाऊजी: बरं, आत होतं काय? दादा काही सांगत नाही.

वहिनी: दुसऱ्यांचं सांगायचं नसतं म्हणून. खुल्या मीटिंगला कोणीही बसू शकतं, तशी मीही बसले आहे. बंद मीटिंग फक्त पिणाऱ्यांची. भिंतीवर पायऱ्या आणि परंपरांचे, म्हणजे गट कसा चालवायचा त्याच्या तत्त्वांचे, फलक लावतात. एक जण चालवतो, सुरुवातीला संस्थेची ओळख वाचतो. मग एकेक जण नाव सांगून बोलतो. आधी काय होतं, काय घडलं, आता कसं आहे. कोणाच्या सोबरपणाला वर्ष झालं की त्याचा बर्थडे करतात, मेडल देतात, केक असतो. ज्याची स्लिप झाली, म्हणजे जो मध्येच पुन्हा प्याला, तोही येऊन सांगतो, आणि त्याला कोणी झापत नाही. बोलायचं नसेल तर नुसतं नाव सांगून ऐकत बसता येतं. निघताना दोघं-तिघं तुमच्या हातात आपले नंबर ठेवतील. रात्री अकराला ओढ लागली तर करायला.

भाऊजी: आणि माणूस चुकीचं बोलला तर? समजा कोणी म्हणाला, गोळ्या बंद करा, त्यांनीच व्यसन लागतं.

वहिनी: असा महाभाग भेटू शकतो. त्याचं ऐकायचं नाही. सभासदाने डॉक्टर व्हायचं नाही, असं एएचं साहित्यच बजावतं. काही गटांत एखादा जुना सभासद अर्धा तास प्रवचन झोडतो, तेही मी ऐकलंय. गट पटला नाही तर दुसरा शोधायचा. एकाच मीटिंगवरून निकाल देऊ नका, पाच-सहा बघा. कोणी पहिल्याच आठवड्यात उसने पैसे मागितले तर देऊ नका. ती साधीसुधी माणसं आहेत, संत नाहीत.

भाऊजी: पण चुकीचं बोलला तर मध्ये बोलायचं नाही?

वहिनी: नाही. दुसऱ्याचं खोडायचं नाही, प्रश्न विचारायचा नाही, सल्ला द्यायचा नाही. आपली पाळी आली की आपलं सांगायचं. तुम्हाला देव जड जाईल असं मला वाटत नाही, भाऊजी. हे जड जाईल.

भाऊजी: म्हणजे?

वहिनी: दारूवरून आजपर्यंत घरात झालेला एकही वाद तुम्ही हरलेला नाहीत. “बिअर म्हणजे दारू नव्हे” हा तुम्ही जिंकलात. “कॉलेजचा एक तास चुकवला आहे का कधी?” हाही जिंकलात. मुलीने यकृताचा रिपोर्ट पुढे ठेवला तेव्हा तो टप्पा पूर्ववत होऊ शकतो असं तुम्ही तिला पटवून दिलंत. जावेने माहेरी जाते म्हटलं तर तिचंच कसं चुकतंय हे मुद्देसूद सांगितलंत. शेवटी सगळे गप्प बसले, आणि तुम्ही क्वार्टर उघडलीत.

भाऊजी: …

वहिनी: एए सुरू कशी झाली ते माहीत असेल तुम्हाला.

भाऊजी: १९३५, अ‍ॅक्रन, ओहायो. बिल विल्सन आणि डॉक्टर बॉब स्मिथ.

वहिनी: तारखा तुम्हाला असणारच. पण त्याआधीचं बघा. दारू सोडल्यावर विल्सन कित्येक महिने न्यूयॉर्कमधल्या दारुड्यांना गाठून पटवत होता. मला साक्षात्कार झाला, तुम्हीही सोडा! एकाचीही सुटली नाही. शेवटी त्याच्या डॉक्टरनेच सांगितलं, उपदेश थांबव. मग धंद्याच्या कामासाठी तो अ‍ॅक्रनला गेला, काम फिसकटलं, आणि हॉटेलच्या लॉबीत एकटा उभा. एका बाजूला बारमधला गलका. त्याने चर्चची यादी काढली आणि फोन लावत सुटला. पिणाऱ्या कोणाला ओळखता का, मला त्याच्याशी बोलायचंय. धर्मगुरू नको होता त्याला, आणखी एक पिणारा हवा होता. अशा रीतीने डॉक्टर स्मिथ सापडले. त्यांनी पंधरा मिनिटं कबूल केली होती, बोलणं सहा तासांच्या वर चाललं. त्या दिवशी विल्सनने समजावलं नाही, स्वतःचं सांगितलं. स्वतःची संध्याकाळ निभावण्यासाठी.

भाऊजी: म्हणजे मदत त्याला हवी होती.

वहिनी: दोघांनाही. म्हणून तुमचे दादा अजून जातात. परवा तुम्ही म्हणालात ना, दारू गेली आणि मीटिंगचं व्यसन लागलं? ते आता मागच्या बाकावर बसतात, पहिल्यांदा आलेल्या माणसाशेजारी. घरी ते तुमच्याशी एक शब्द बोलत नाहीत दारूवर, हे लक्षात आलंय? वाद घालून तुम्हाला जिंकता येणार नाही हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. कारण त्यांनाही कोणी जिंकू शकलं नव्हतं.

भाऊजी: वहिनी, मग गेला अर्धा तास तुम्ही काय करताय?

वहिनी: हरतेय. दर दोन मुद्द्यांत एक तुम्हाला देतेय, बघितलं नाहीत?

भाऊजी: ठीक. माझी बाजू शेवटची मांडतो. वरच्या शक्तीवर माझा विश्वास बसणार नाही. सगळ्यांना एकच रस्ता चालतो हे मी मानणार नाही. गोळ्या डॉक्टरांच्या सांगण्यानेच बंद होतील. आणि सहा मीटिंगा म्हणजे नमुना फार लहान, त्यावरून काहीही सिद्ध होत नाही.

वहिनी: यातलं काहीही जायच्या आड येत नाही.

भाऊजी: मग दादाला सांगा, शुक्रवारी मला घेऊन जाऊ दे.

वहिनी: नाही सांगणार. अल-अ‍ॅनॉनमध्ये मी हेच शिकले. १९५१ मध्ये विल्सनच्याच बायकोने, लोइसने, तो पसारा उभा केला, कारण नवरे आत बोलत असताना बायका बाहेर बसून राहायच्या. तिथे मला कळलं, की ह्यांची दारू मी लावली नाही, मला ती आवरता येत नाही आणि बरी करता येत नाही. वर्षानुवर्षं बाटल्या मोरीत ओतल्या, ऑफिसात खोटे फोन केले, पुडकी शोधत कपाटं उपसली. तुमच्यासाठी ते पुन्हा सुरू करणार नाही. जाऊबाईंना मात्र गुरुवारी माझ्याबरोबर नेणार आहे. तुम्ही जा अथवा जाऊ नका, त्या येताहेत.

भाऊजी: आणि मी फोन कुठे करू?

वहिनी: डॉक्टरांच्या चिठ्ठीमागे नंबर आहे. नाही लागला तर १४४४६, व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन. मन फारच खचलं तर टेलि-मानस, १४४१६. रुग्णालयातल्या समाजसेविकेकडे जवळच्या गटांचे पत्ते असतात.

भाऊजी: फोनवर म्हणायचं काय?

वहिनी: नाव सांगा, मीटिंग कुठे आणि किती वाजता ते विचारा. प्राध्यापक होतो, हे सांगू नका.

भाऊजी: आणि देवाचा मुद्दा? तो मी तिथे मांडणार आहे, सांगून ठेवतो.

वहिनी: मांडा. तुमची पाळी आली की सविस्तर मांडा. कोणी खोडणार नाही. तुमचं झालं की आभार मानतील आणि शेजारचा रिक्षावाला त्याची गोष्ट सुरू करेल.

भाऊजी: म्हणजे वादाचा निकाल लागणारच नाही?

वहिनी: नाही लागणार. साडेआठला मीटिंग संपेल, आणि ती संध्याकाळ तुम्ही न पिता काढलेली असेल.

भाऊजी: द्या ती चिठ्ठी इकडे. माझा चष्मा कुठे आहे?